सर्व्हरच्या सुट्या भागांचा पूर्वेतिहास

सर्व्हर ज्या लोखंडी चौकटीत बसवला जातो तो रॅक वयाने संगणकापेक्षा मोठा आहे. अमेरिकेतील एटीअँडटी या टेलिफोन कंपनीने १९२२ च्या सुमारास आपल्या एक्स्चेंजांसाठी त्याचे माप ठरवले. लांब पल्ल्याच्या तारांवर आवाज क्षीण होत जाई. तो मध्येच वाढवून पुढे पाठवणारे रिपीटर आणि तारांची टोके जोडायची पॅनेल दर वर्षी वाढत होती, जागा मात्र तेवढीच होती. त्यावर तोडगा म्हणून दोन उभे खांब, त्यांना ठराविक अंतरावर छिद्रे आणि त्या छिद्रांत स्क्रूने आवळायची १९ इंच रुंद पॅनेल अशी सोपी रचना आली. एक्स्चेंजमध्ये या खांबांवर रिलेंच्या ओळी बसत, म्हणून तिला रिले रॅक म्हणत. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने उघडझाप होणारा स्विच.

रुंदी १९ इंच ठरली, तशी उंचीही ठरली. पावणेदोन इंच, म्हणजे ४४.४५ मिलिमीटर, हे उंचीचे एकक झाले. आज त्याला १यू म्हणतात. दर यू-मागे तीन छिद्रे येतात आणि तीही समान अंतरावर नसतात: अर्धा इंच, मग पाच-अष्टमांश इंच, पुन्हा पाच-अष्टमांश इंच, अशी त्यांची चाल असते. पॅनेल पूर्ण पावणेदोन इंचांचे कापत नाहीत. एक इंचाचा बत्तिसावा भाग कमी ठेवतात, म्हणजे वरखालची दोन यंत्रे एकमेकांना घासत नाहीत. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने हे सारे १९६५ मध्ये ईआयए-३१० या मानकात नोंदवले. डेटा सेंटरमधला नेहमीचा रॅक ४२यू उंचीचा असतो. त्याची आतली उंची १८६७ मिलिमीटर भरते. वरखालची चौकट धरली तरी तो साधारण दोन मीटरांत बसतो आणि दारातून आत नेता येतो.

शंभर वर्षांत रॅकमध्ये बसणारी वस्तू पार बदलली. रिले गेले, व्हॅक्यूम ट्यूब आल्या आणि गेल्या, मग ट्रान्झिस्टर आणि चिपा आल्या. १९ इंच मात्र हलले नाहीत. या मापात गणिती किंवा शास्त्रीय असे खास काही नाही. १८ किंवा २० इंचांनीही काम भागले असते. पण रॅक एक जण बनवतो, त्यात बसणारी यंत्रे दुसरेच शेकडो जण बनवतात, आणि दोघांची गाठ फक्त त्या छिद्रांपाशी पडते. असे गाठीचे माप एकदा ठरले की ते बदलायला कोणीच तयार होत नाही. सर्व्हरच्या जवळजवळ प्रत्येक भागाची अशीच गोष्ट आहे. तो भाग ज्या कामासाठी घडला ते काम केव्हाच संपते, आणि माप व नाव मागे राहते.

टेलिफोनच्या रिलेंकडून गणित करून घेण्याची कल्पना टेलिफोनवाल्यांनाच सुचावी यात नवल नाही. बेल लॅबोरेटरीजमध्ये जॉर्ज स्टिबिट्झ यांनी संमिश्र संख्यांची आकडेमोड करणारे यंत्र बांधले. त्यात सुमारे ४५० रिले होते आणि जानेवारी १९४० पासून ते न्यूयॉर्कमध्ये रोजच्या वापरात होते. यंत्र एका खोलीत बंद असे, आणि इमारतीत इतरत्र ठेवलेल्या टेलिटाइपांवरून त्याला गणिते दिली जात. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला स्टिबिट्झ यांनी न्यू हॅम्पशायरमधील डार्टमथ कॉलेजात गणितज्ञांच्या सभेत एक टेलिटाइप मांडला. तिथून टाइप केलेले गणित तारेवरून न्यूयॉर्कला गेले आणि उत्तर परत आले. आज ज्याला सर्व्हर म्हणतात त्या व्यवस्थेची सगळी लक्षणे या प्रयोगात दिसतात: दूर ठेवलेले यंत्र, अनेकांना एकाच यंत्राची सेवा, मागणी आणि प्रतिसाद. फक्त तो शब्द त्या वेळी कोणी वापरला नव्हता. सभेला आलेल्यांमध्ये जॉन मॉचली होते.

मॉचली आणि प्रेस्पर एकर्ट यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बांधलेला एनिॲक फेब्रुवारी १९४६ मध्ये लोकांपुढे आला. त्यात सुमारे १८ हजार ट्यूब होत्या, वजन ३० टनांच्या घरात होते आणि वीज १५० किलोवॅटच्या आसपास लागे. चाळीस उभी पॅनेल खोलीच्या तीन भिंतींशी लावलेली होती. त्या पॅनेलांत गणित करणारा भाग, साठवणारा भाग आणि हुकूम देणारा भाग अशी आजच्यासारखी स्पष्ट फारकत नव्हती. ती फारकत कागदावर आली ती जून १९४५ मध्ये, जॉन फॉन नॉयमन यांच्या एडव्हॅक यंत्रावरील अहवालाच्या मसुद्यात. त्यांनी यंत्राच्या भागांना ‘अवयव’ म्हटले आणि अंकगणित, नियंत्रण, स्मृती, आत घेणे व बाहेर देणे असे त्यांचे गट पाडले. मेमरी हा शब्द यंत्राच्या संदर्भात रुळला तो मुख्यतः या मसुद्यामुळे. कोणत्याही शालेय पुस्तकात संगणकाची जी चौकटींची आकृती असते ती याच वर्गीकरणाची सुधारून काढलेली प्रत आहे.

एनिॲक एका जागी बांधला गेला आणि जागा बदलायची तर तो खोलून हलवावा लागे. विकायच्या यंत्राला हे परवडणारे नव्हते. म्हणून आयबीएमने १९५२ मध्ये जाहीर केलेला ७०१ हा संगणक वेगवेगळ्या कपाटांत विभागला. प्रत्येक कपाटाला फ्रेम म्हणत: वीजपुरवठ्याची फ्रेम, स्थिरविद्युत साठ्याची फ्रेम, ड्रमची फ्रेम, टेपची फ्रेम आणि हिशेब करणारी मुख्य फ्रेम. कपाटांना खाली चाके होती आणि ती इमारतीच्या लिफ्टमधून वर नेता येत. ७०१ ची अवघी १९ यंत्रे बनली, पण त्यातली ‘मेन फ्रेम’ पुढे सबंध वर्गाचे नाव होऊन बसली. मेनफ्रेम म्हणजे अवाढव्य संगणक हा अर्थ नंतरचा. मुळात तो एका कपाटाचा पत्ता होता.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्ल्यांत गिऱ्हाईक संगणकाच्या अख्ख्या खोक्यालाच सीपीयू म्हणते. जाणकार त्यावर हसतात, कारण सीपीयू म्हणजे आतली तळहाताहून लहान चिप. इतिहासाच्या बाजूने पाहिले तर गिऱ्हाईक फारसे चुकत नाही. १९५० आणि १९६० च्या दशकांत केंद्रीय प्रक्रिया विभाग हे खरोखरच एक स्वतंत्र कपाट होते आणि कागदपत्रांत त्याला त्याच नावाने ओळखत. ते सगळे एका चिपेवर मावले ते १९७१ मध्ये, इंटेलच्या ४००४ मध्ये. तिच्यात २३०० ट्रान्झिस्टर होते.

भारतात असे यंत्र मुळापासून बांधण्याचे काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाले. रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील गटाने आधी एक प्रायोगिक यंत्र १९५६ मध्ये चालू केले आणि मग पूर्ण आकाराचे यंत्र हाती घेतले. ते १९६० मध्ये कामाला लागले. टिफ्रॅक हे त्याचे नाव. त्यात सुमारे २७०० ट्यूब, १७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. हा सगळा संभार सुमारे १८ फूट लांब, अडीच फूट खोल आणि ८ फूट उंच अशा पोलादी रॅकमध्ये होता. रॅक एकसंध नव्हता. तो वेगवेगळ्या खणांचा जोडून केला होता आणि प्रत्येक खणाला दोन्ही बाजूंनी दारे होती. ट्यूब कधी जाईल याचा नेम नसे, त्यामुळे पुढून आणि मागून हात पोहोचणे ही त्या काळातली पहिली गरज होती. आजच्या सर्व्हर रॅकलाही पुढे-मागे दारे असतात आणि कारणही फारसे निराळे नाही.

टिफ्रॅकची खरी मिजास होती ती त्याच्या मेमरीची. जगातल्या अनेक यंत्रांत त्या सुमारास पाऱ्याच्या नळ्या किंवा कॅथोड किरणांच्या ट्यूब साठवणीसाठी वापरत, आणि दोन्ही लहरी होत्या. अमेरिकेत एमआयटीमध्ये जे फॉरेस्टर यांच्या गटाने १९५३ मध्ये व्हर्लविंड संगणकात फेराइटच्या बारीक कड्यांची मेमरी बसवली. एका कडीत एक बिट. कडी एका दिशेने चुंबकित केली की शून्य, उलट दिशेने केली की एक. प्रत्येक कडीतून आडव्या-उभ्या तारा ओवलेल्या असत. एका आडव्या आणि एका उभ्या तारेतून प्रत्येकी अर्धा प्रवाह सोडला की फक्त त्यांच्या छेदावरची कडी पालटे, बाकीच्या जागच्या जागी राहत. वीज गेली तरी साठवलेले जात नसे. वाचताना मात्र कडीतले पुसले जाई, म्हणून वाचल्या वाचल्या ते परत लिहावे लागे. टिफ्रॅकमध्ये ४० बिटांचे २०४८ शब्द अशा कड्यांत मावत, म्हणजे ८१ हजारांहून अधिक कड्या. आजच्या हिशेबात ही मेमरी बरोबर १० किलोबाइट भरते. १९६० मध्ये भारतात तिच्या तोडीचे दुसरे काही नव्हते. तरीही हे यंत्र फार टिकले नाही. १९६४ मध्ये संस्थेने सीडीसी ३६०० हा ट्रान्झिस्टरचा संगणक आणला आणि ट्यूबचा काळ तिथेही संपला.

फेराइटच्या कड्यांच्या जाळ्या कारखान्यांत बहुतेक करून बायका हाताने ओवत, दोऱ्यासारख्या तारा सुईने कडीकडीतून काढत. फेराइटच्या कडीला कोअर म्हणत. कड्या जाऊन पन्नास वर्षे झाली, तरी प्रोग्राम कोसळल्यावर मेमरीची जी नक्कल फाइलीत उतरते तिला सर्व्हर सांभाळणारे अजून कोअर डंपच म्हणतात. तसा ‘क्वाड कोअर’मधला कोअर वेगळा. त्याचा कड्यांशी काही संबंध नाही.

कोअर मेमरीला सत्तरच्या दशकात चिपेने हटवले. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा धारित्र यांत एक बिट ठेवण्याची युक्ती काढली, १९६८ मध्ये तिचे पेटंट मिळाले, आणि १९७० मध्ये इंटेलने ११०३ ही १०२४ बिटांची चिप बाजारात आणली. धारित्रातला भार काही मिलिसेकंदांत गळतो, म्हणून तो सतत भरत राहावा लागतो. या मेमरीच्या डीरॅम या नावातल्या ‘डायनॅमिक’चा अर्थ एवढाच. कड्या वीज गेल्यावरही लक्षात ठेवत, ही चिप विसरते. स्वस्ताई आणि वेग यांच्यासाठी हा सौदा सगळ्यांनी पत्करला. सर्व्हरखोलीतल्या यूपीएसच्या बॅटऱ्यांचे वजन काही अंशी या सौद्याचा हप्ता आहे.

सर्व्हरची मेमरी आणि घरच्या संगणकाची मेमरी यांत एक फरक डोळ्यांनी दिसतो. डीडीआर४ पर्यंतच्या साध्या मेमरी पट्टीवर एका बाजूला बहुधा ८ चिपा असतात, सर्व्हरच्या पट्टीवर ९. ६४ बिटांच्या सोबत ८ जादा तपासणी बिट ठेवल्याने ही नववी चिप लागते. एखादा बिट आपोआप उलटला तर कोणता उलटला हे त्यावरून कळते आणि तो तिथल्या तिथे दुरुस्त होतो. दोन उलटले तर निदान चूक झाल्याचे कळते. ईसीसी नावाच्या या सोयीचे मूळ पुन्हा बेल लॅबोरेटरीजच्या रिलेंतच आहे. १९४७ मध्ये रिचर्ड हॅमिंग तिथल्या रिलेंच्या मोठ्या यंत्रावर गणिते टाकत. शनिवार-रविवारी यंत्र राखण्यास कोणी नसे. रिलेत चूक झाल्याचे यंत्राला समजे, पण दुरुस्त करता येत नसे, म्हणून ते हातातले गणित टाकून पुढच्या माणसाचे घेई. सोमवारी येऊन पाहावे तर काम झालेलेच नाही, असे लागोपाठ घडल्यावर हॅमिंग यांनी विचार केला की चूक ओळखता येते तर तिची जागा का ओळखता येऊ नये. त्यांचा निबंध एप्रिल १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. सर्व्हरच्या मेमरीत आज जी गणिती पद्धत चालते ती त्याच निबंधातून वाढलेली आहे.

साठवणीचा दुसरा मोठा भाग म्हणजे हार्ड डिस्क. तिची कथा रंजक आहे आणि मापांच्या बाबतीत काहीशी विनोदीही. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या गटाने बनवलेले रॅमॅक हे यंत्र सप्टेंबर १९५६ मध्ये जाहीर झाले. त्यातल्या डिस्कच्या कपाटात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका दांड्यावर मिनिटाला १२०० फेऱ्यांनी फिरत. सगळ्या तबकड्यांना मिळून वाचणारा एकच हात होता. तो आधी वर-खाली जाऊन तबकडी गाठे, मग आत शिरून जागा शोधे. वाचणारे टोक तबकडीला टेकू नये म्हणून त्यातून दाबाची हवा सोडावी लागे. कपाट टनाहून जड होते आणि त्यात मावत ५० लाख अक्षरे. त्याआधी कार्डांच्या गठ्ठ्यांतून किंवा टेपवरून माहिती एकामागोमाग एकच वाचता येई. एखाद्या गिऱ्हाइकाचे खाते थेट उघडून पाहण्याची सोय कारकुनाला प्रथमच मिळाली ती इथे.

पुढच्या टप्प्यावर तबकड्या काढघाल करता येऊ लागल्या आणि आयबीएमने १९६२ मध्ये डिस्क पॅक आणले. पण बाहेर काढलेल्या तबकडीवर धूळ बसे. १९७३ मध्ये आलेल्या ३३४० या डिस्कमध्ये तबकड्या आणि वाचणारी टोके एकाच बंद डब्यात घातली. टोके वजनाने हलकी केली आणि तबकडीवर वंगणाचा थर दिला, त्यामुळे यंत्र थांबले की टोके तबकडीवरच अलगद उतरत. मूळ आराखडा ३०-३० मेगाबाइटच्या जोडीचा होता आणि विंचेस्टरची ३०-३० नावाची रायफल अमेरिकेत प्रसिद्ध होती, म्हणून केनेथ हॉटन यांनी तिला विंचेस्टर असे सांकेतिक नाव दिले. ऐंशीच्या दशकात कोणत्याही हार्ड डिस्कला विंचेस्टर म्हणण्याची पद्धत होती. ते नाव विरले, बंद डबा राहिला.

आता मापाचा भाग. सर्व्हरमधल्या मोठ्या डिस्कला साडेतीन इंची डिस्क म्हणतात. तिची रुंदी चार इंच असते. साडेतीन इंच हे माप तिच्यावर कुठेच सापडत नाही. ते माप फ्लॉपीचे आहे. आयबीएमने १९७१ मध्ये मोठ्या यंत्रांत सूचना भरण्यासाठी आठ इंची फ्लॉपी काढली, १९७६ मध्ये शुगार्ट कंपनीने सव्वापाच इंची आणली, त्यानंतर साडेतीन इंची आली. संगणकाच्या खोक्यात फ्लॉपीच्या ड्राइव्हसाठी खण केलेला असे. १९८० मध्ये सीगेटने ५ मेगाबाइटची एसटी-५०६ ही हार्ड डिस्क काढताना ती सव्वापाच इंची फ्लॉपीच्या खणात नेमकी बसेल अशी घडवली, आणि १९८३ मध्ये रोडाइम या स्कॉटिश कंपनीने साडेतीन इंचीच्या खणासाठी तसेच केले. फ्लॉपी नाहीशी झाली. तिच्या खणाचे माप डेटा सेंटरमधल्या लाखो डिस्कांना चिकटलेले आहे, आणि अडीच इंची एसएसडीच्या आत तर तबकडीच नसते.

मोठी डिस्क महाग आणि छोटी डिस्क स्वस्त, पण छोट्या अनेक डिस्क एकत्र लावल्या तर त्यातली एखादी वरचेवर बिघडणार, असा पेच १९८० च्या दशकात होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ च्या निबंधात त्यावर रेड ही रचना मांडली. माहितीसोबत जादा तपासणीची माहिती वाटून ठेवायची, म्हणजे एक डिस्क मेली तरी उरलेल्यांवरून तिच्यातले परत काढता येते. हॅमिंग यांचाच विचार इथे चिपेऐवजी डिस्कला लागू झाला. RAID या इंग्रजी नावातले ‘आय’ मुळात स्वस्त या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे होते. उत्पादकांना आपला माल स्वस्त म्हणवून घेणे जड गेले असावे, कारण पुढे त्या जागी स्वतंत्र या अर्थाचा शब्द आला.

भाग एकमेकांना जोडणाऱ्या तारांच्या सामाईक जुडग्याला बस म्हणतात. वीजघरात सगळ्या यंत्रांना वीज वाटणारी तांब्याची जाड पट्टी म्हणजे बसबार, तिथून हा शब्द आला. १९७० मध्ये डीईसी कंपनीच्या पीडीपी-११ मध्ये प्रोसेसर, मेमरी आणि बाकी सारे एकाच युनिबसवर टांगलेले होते. १९७५ च्या अल्टेअर ८८०० या जुळणीच्या संगणकात बसला १०० टोके होती. त्यामागे कोणताही सिद्धान्त नव्हता: १०० टोकांचे सॉकेट तेव्हा स्वस्तात मिळाले होते. पण इतर कंपन्यांनी त्यात बसणारी कार्डे बनवायला सुरुवात केली आणि एस-१०० हे मानक होऊन गेले.

आयबीएमचा पीसी १२ ऑगस्ट १९८१ रोजी आला. प्रोसेसर, मेमरी आणि कार्डांचे स्लॉट ज्या पाटीवर होते तिला आयबीएम सिस्टिम बोर्ड म्हणे. बाजाराने मदरबोर्ड हेच नाव चालवले. मूळ पीसीत पाच स्लॉट होते. १९८३ च्या एक्सटी मॉडेलमध्ये आठ स्लॉट बसवण्यासाठी त्यांतले अंतर ०.८ इंचावर आणले गेले. त्यानंतर स्लॉटमधली विद्युतरचना पूर्णपणे बदलली. १९९२ मध्ये पीसीआय, २००३ मध्ये पीसीआय एक्स्प्रेस आले आणि वेग कैक पटींनी वाढला, पण अंतर तेच राहिले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरमधले जीपीयू कार्ड ‘दोन स्लॉट जाड’ आहे असे म्हणतात तेव्हा मोजमाप एक्सटीच्या त्याच ०.८ इंचाचे असते.

सर्व्हर हा शब्द मात्र कोणत्याही भागाचा नव्हे, एका भूमिकेचा आहे. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटची आखणी चालू असताना १९६९ च्या जूनमधील आरएफसी ५ या दस्तऐवजात सेवा देणारे यंत्र आणि वापरणाऱ्याचे यंत्र असा भेद सर्व्हर-होस्ट आणि युजर-होस्ट या जोडीने केलेला आढळतो. सत्तरच्या दशकात झेरॉक्सच्या पालो अल्टो केंद्रात प्रत्येकाच्या टेबलावर स्वतःचा संगणक आला, तेव्हा महागडा प्रिंटर आणि मोठी डिस्क सगळ्यांत वाटून वापरण्यासाठी प्रिंट सर्व्हर आणि फाइल सर्व्हर लागले. १९८३ पासून नॉव्हेलच्या नेटवेअरने हीच सोय साध्या पीसींना दिली. भारतातही बँका आणि कार्यालयांत पहिला ‘सर्व्हर’ म्हणून पुष्कळदा एक जरा बरा पीसीच कोपऱ्यात ठेवलेला असे.

सर्व्हर म्हणूनच घडवलेले पीसीवंशाचे पहिले गाजलेले यंत्र म्हणजे कॉम्पॅकचे सिस्टिमप्रो. ते नोव्हेंबर १९८९ मध्ये आले. दोन प्रोसेसरांची जागा, डिस्कांची साखळी आणि रुंद बस असा त्याचा थाट होता, आणि ते जमिनीवर उभे राहणारे टॉवर होते. इंटरनेटचा व्याप वाढला तशी अशा टॉवरांनी खोल्या भरू लागल्या. मग टेलिफोनवाल्यांचा जुना रॅक कामी आला. कोबाल्ट कंपनीने १९९८ मध्ये १यू उंचीचा रॅक्यू हा सर्व्हर विकायला काढला.

पावणेदोन इंचांत संगणक बसवणे म्हणजे त्याला सपाट करणे. पीसीचे कार्ड उभे चार इंचांहून अधिक असते. ते उभे राहू शकत नाही, म्हणून रायझर नावाच्या जोडकार्डावर आडवे निजवावे लागते. मोठा पंखा मावत नाही, म्हणून ४० मिलिमीटरचे चिमुकले पंखे ओळीने लावतात. लहान पात्यांनी तेवढीच हवा ढकलायची तर ते फार वेगाने फिरवावे लागतात. डेटा सेंटरमध्ये जो कर्कश आवाज असतो त्यात या पंख्यांचा वाटा मोठा आहे. अशा रॅकपाशी कीबोर्ड-मॉनिटर घेऊन कोणी बसत नाही, म्हणून मदरबोर्डवर एक लहानसा स्वतंत्र संगणक बसवलेला असतो. सर्व्हर बंद असला तरी तो जागा राहतो, तापमान पाहतो आणि दुरून वीज चालू-बंद करू देतो. त्याच्याशी बोलण्याची सामाईक पद्धत, आयपीएमआय, १९९८ मध्ये इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी ठरवली.

२००१ मध्ये आरएलएक्स या ह्यूस्टनच्या कंपनीने याहूनही दाटी केली. ३यू उंचीच्या पेटीत तिने २४ सर्व्हर उभे खुपसले. प्रत्येकाची पातळ पाटी पात्यासारखी, म्हणून ब्लेड. वीजपुरवठा, पंखे आणि नेटवर्कची जोडणी पेटीत सामाईक असे. गूगलने मात्र त्याआधीच, १९९९ मध्ये, वेगळी वाट धरली होती. एका ट्रेवर कॉर्कचा पत्रा, त्यावर चार साधे मदरबोर्ड उघडेच ठेवलेले, ना खोके ना झाकण. बिघडले तर बिघडले, बाकीची यंत्रे काम उचलतील, हा हिशेब सॉफ्टवेअरने पेलला. दिसायला ते ओबडधोबड होते, पण पुढची दिशा त्यानेच दाखवली.

त्या दिशेचा जाहीर नमुना म्हणजे फेसबुकने एप्रिल २०११ मध्ये सुरू केलेला ओपन कॉम्प्युट प्रकल्प. ओरेगन राज्यातील प्राइनव्हिल येथील डेटा सेंटरसाठी केलेले आराखडे कंपनीने सर्वांना खुले केले. त्यातून आलेल्या ओपन रॅकमध्ये यंत्राची जागा १९ ऐवजी २१ इंच आहे आणि उंचीचे एकक ४८ मिलिमीटर. बाहेरची रुंदी मात्र ६०० मिलिमीटरच ठेवली, कारण डेटा सेंटरच्या उचललेल्या फरशीच्या लाद्या त्याच मापाच्या असतात. प्रत्येक सर्व्हरमध्ये स्वतंत्र एसएमपीएस ठेवण्याऐवजी रॅकला सामाईक वीजखण आणि मागे उभी तांब्याची बसबार दिली. सुरुवातीला तिच्यावर १२ व्होल्ट असत. २०१६ मध्ये गूगलने प्रकल्पात येताना ४८ व्होल्टची रचना आणली. तेवढ्याच विजेला ४८ व्होल्टवर १२ व्होल्टच्या चौथाई प्रवाह लागतो आणि पट्टीत उष्णता होऊन वाया जाणारी वीज सोळाव्या भागावर येते. टेलिफोन एक्स्चेंज बॅटऱ्यांच्या आधारे पूर्वापार याच ४८ व्होल्टवर चालत आली आहेत.

हवेच्या बाबतीत मात्र अशी एकवाक्यता झाली नाही. रॅकांच्या ओळी समोरासमोर लावून एका गल्लीत थंड आणि पाठीमागच्या गल्लीत गरम हवा ठेवण्याची पद्धत १९९० च्या दशकात आयबीएममधून आली आणि सगळीकडे पसरली. पण ती थंड हवा कोठून आणायची हे गावावर अवलंबून असते. प्राइनव्हिल उंचावरच्या कोरड्या प्रदेशात आहे. तिथे बाहेरची हवा ओल्या माध्यमातून काढली की पुरेशी थंड होते आणि चिलर, म्हणजे पाणी थंड करणारी यंत्रे, लागत नाहीत. मुंबईला समुद्राखालच्या केबल येतात म्हणून ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात देशातली मोठी डेटा सेंटर उभी राहिली आहेत, आणि तिथली हवा वर्षातले बरेच महिने दमट असते. दमट हवेत पाण्याचे बाष्पीभवन कमी होते, त्यामुळे ती युक्ती फारशी चालत नाही. म्हणून रॅक, यू, स्लॉट, व्होल्ट सारे ओरेगनचेच असले तरी नवी मुंबईतल्या इमारतीच्या गच्चीवर चिलर बसवावे लागतात. नव्या जीपीयू रॅकना तर हवाही पुरत नाही. त्यांच्या प्रोसेसरांवर धातूच्या पोकळ पट्ट्या बसवून त्यांतून द्रव फिरवतात.